डुक्कर, घोडा की गोरिला? पाचवी ते सातवीच्या वर्गासाठी प्राणिकादंबरी निवडताना

पाठ्यपुस्तकातला धडा चार पानांत संपतो. एखाद्या प्राण्याबरोबर दोन-अडीच महिने राहायचं, त्याची काळजी करायची, पुढं काय होणार म्हणून तासाची वाट बघायची, हे अख्खी कादंबरी वाचली तरच घडतं. सेमी-इंग्रजीच्या वर्गासाठी तीन पुस्तकं माझ्या मते विचारात घ्यावीत अशी आहेत: ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’ (1952), अ‍ॅना स्यूएल यांचं ‘ब्लॅक ब्यूटी’ (1877) आणि कॅथरिन अ‍ॅपलगेट यांचं ‘द वन अँड ओन्ली आयव्हन’ (2012). माझं मत आधीच सांगून टाकते. पाचवी-सहावीला शार्लट, सातवीला आयव्हन, आणि ब्लॅक ब्यूटी निवडक प्रकरणांपुरतीच. मात्र तुमच्या वर्गात कुठल्या घरची पोरं बसतात, यावर हे उत्तर बदलू शकतं.

इंग्रजी सगळ्यात सोपं आयव्हनचं. वाक्यं तोकडी, प्रकरणं कधी कधी पानभरसुद्धा नाहीत. इंग्रजीला बिचकणारं पोर उभं राहून अख्खं प्रकरण वाचू शकतं, आणि त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी तरी हे पुस्तक वर्गात यावं. शार्लटमध्ये शब्द जास्त आहेत, पण ते मोठ्यानं वाचण्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. शिक्षकानं इंग्रजीत वाचायचं, अडेल तिथं मराठीत सांगायचं, की गाडी पुढं जाते. ब्लॅक ब्यूटीत लगाम, खोगीर आणि बग्गीच्या भागांची नावं इतकी आहेत की ती समजावण्यातच तास जातो.

शार्लटची खरी अडचण वेगळीच आहे. नायक डुक्कर आहे. आपल्याकडं हा शब्द शिवी म्हणून येतो, त्यामुळं पहिल्या दिवशी वर्ग हसणार. काही घरांत धर्मामुळं या प्राण्याचा उल्लेखही नको असतो, तर काही घरांचं पोट डुक्करपालनावर चालतं आणि त्यावरून त्या पोरांना चिडवलं जातं. तुमच्या वर्गात असं पोर असेल तर पुस्तक उघडण्याआधी त्याच्याशी आणि पालकांशी बोला. पालकांची हरकत असेल तर दुसरं पुस्तक घ्या, ओढाताण करू नका. हरकत नसेल तर प्रस्तावना न करता थेट पहिलं प्रकरण वाचायला घ्या. फर्न नावाच्या मुलीचे वडील कुऱ्हाड घेऊन निघालेत, कारण डुकराच्या पिल्लांतलं एक अशक्त आहे, त्याचा उपयोग नाही. फर्न त्यांना अडवते आणि विचारते, मी जन्मताना अशीच किरकोळ असते तर मलाही मारलं असतं का? एवढं झालं की हसू थांबतं.

आणि इथंच कोल्हापूरच्या वर्गाला हे पुस्तक फार जवळचं होतं. पेठांमध्ये आजही दारात म्हशी आहेत, गंगावेशीत डोळ्यांसमोर धार काढून दूध मिळतं. म्हैस व्याली आणि रेडी झाली तर घरात आनंद, नर रेडकू झालं तर काय होतं, हे गोठा असलेल्या घरातलं पोर शिक्षकापेक्षा चांगलं जाणतं. फर्नचा प्रश्न त्याच्यासाठी परदेशातला राहत नाही. तो वर्गात विचारायचाच, पण कुणाच्या घराकडं बोट न दाखवता. वैरणीचा खर्च, दुधाचा हिशोब, आईला वाटणारी कणव हे सगळं पोरं स्वतःहून मांडतात. गोठेवाल्या घरातल्या पोरानं मान खाली घालून बसावं, अशी चर्चा झाली तर पुस्तक वाया गेलं असं समजा.

पुढं कोळी असलेली शार्लट जाळ्यात शब्द विणते आणि त्या पिल्लाचा, म्हणजे विल्बरचा, जीव वाचतो. टेम्पलटन उंदीर कचऱ्यातून छापील कागद आणतो, त्यातूनच काही शब्द मिळतात. एक तर साबणाच्या खोक्यावरचा. हा भाग शिकवताना पोरांना चौकातल्या फ्लेक्सवरची आणि वेष्टनांवरची विशेषणं वहीत उतरवून आणायला सांगा. मग ठरवायला सांगा, यातलं कुठलं एका रेडकाला शोभेल आणि का. विशेषणाचं व्याकरण यातून जितकं पक्कं होतं तितकं स्वाध्यायातून होत नाही. जत्रेतल्या बक्षिसाची प्रकरणं दिवाळीच्या आधी येतील असं बघा. पाडव्याला शिंगं रंगवून, सजवून निघणाऱ्या म्हशींची मिरवणूक पाहताना पोरांना विल्बरची आठवण होणारच.

आयव्हनकडं वळते. हा गोरिला एका मॉलमध्ये पिंजऱ्यात राहतो आणि स्वतःच गोष्ट सांगतो. शेजारी स्टेला नावाची म्हातारी हत्तीण आणि नंतर आलेली रूबी ही छोटी हत्तीण. कादंबरीमागे खरा आयव्हन आहे. अमेरिकेतल्या टॅकोमा शहरातल्या एका दुकानात त्यानं 27 वर्षं काढली आणि 1994 मध्ये त्याला अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात हलवलं. पिंजऱ्याचा मालक मॅक निव्वळ दुष्ट नाही, त्यानं आयव्हनला लहानपणी घरात लेकरासारखं वाढवलंय. माया आणि कैद एकाच माणसाच्या हातून, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

आपल्या जिल्ह्यात हे पुस्तक वाचताना महादेवीचं नाव निघाल्याशिवाय राहणार नाही. 2025 मध्ये नांदणी मठातली ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या वनतारा या प्राणिकेंद्रात गेली, आणि तिला परत आणा म्हणत लोक नांदणीहून कोल्हापुरापर्यंत चालत आले. वर्गातल्या काही पोरांच्या घरची माणसं त्यात असणारच. म्हणून हे पुस्तक मी पाचवीला देणार नाही. लहान पोरं लगेच ‘आपले’ आणि ‘ते’ अशी वाटणी करतात. सातवीतलं पोर मात्र दोन गोष्टी एकत्र धरू शकतं: लोकांचा जिव्हाळा खरा होता, आणि हत्तीला कळप, मोकळी जमीन, पायांखाली माती लागते हेही खरं. मठ म्हणजे मॉल नव्हे, हे शिक्षकानं स्पष्ट म्हणावं. निकाल बरोबर की चूक, हे फळ्यावर लिहायचं नाही. हत्तीण कळपात कशी राहते, दिवसभरात काय खाते, किती चालते, हे शोधून आणायला सांगा. मग बोलणं भावनेवरून माहितीवर येतं.

आयव्हनमध्ये एक जागा फार कठीण आहे. शिकाऱ्यांनी त्याच्या आईवडिलांचं काय केलं, ते त्यात थेट येतं. ते पान आधी स्वतः वाचा आणि मगच किती वाचायचं ते ठरवा.

ब्लॅक ब्यूटीची 49 प्रकरणं एका सत्रात उरकत नाहीत. पण लंडनच्या भाड्याच्या गाड्यांचा भाग ऊस हंगामात जरूर वाचावा. मान जबरदस्तीनं वर ताणून धरणारा लगाम पोरांना वेसणीवरून समजतो. चढावर उसानं भरलेली बैलगाडी त्यांनी पाहिलेली असते. स्यूएलबाईंचं मोठेपण असं की त्या गाडीवानाचीही बाजू सांगतात: गाडी-घोड्याचं भाडं रोज भरायचं असेल तर तो जनावराला विश्रांती कुठून देणार? उचल घेऊन आलेल्या ऊसतोड कुटुंबाबद्दल बोलायला यापेक्षा चांगली वाट मला माहीत नाही.

वेळेचं गणित शार्लटच्या बाजूनं आहे. 22 प्रकरणं, आठवड्याला दोन, म्हणजे अकरा आठवडे. जुलैच्या सुरुवातीला घेतलं तर गणपतीची सुट्टी धरूनही पहिल्या सत्रात होतं. शिष्यवृत्तीचा वर्ग असेल तर दुसऱ्या सत्रात कादंबरी लावूच नका.

आणि तिन्ही पुस्तकांत कुणीतरी लाडकं मरतं: शार्लट, जिंजर घोडी, स्टेला. ते प्रकरण शनिवारी किंवा शेवटच्या तासाला घेऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळच्या तासाला घ्या. त्यानंतर प्रश्नोत्तरं ठेवू नका. पोरांना बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर चित्र काढू द्या, आणि घरात नुकताच कुणाचा मृत्यू झालेलं पोर वर्गात असेल तर त्याला आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगून ठेवा.