पोर्चमध्ये खोटी फुलं की खऱ्या कुंड्या?

आमचा पोर्च पश्चिमेकडे तोंड करून आहे. नाशिकचं एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन तीननंतर सरळ पायरीवर येतं, म्हणून आधी मी कृत्रिम वेली आणल्या. पाणी नको, माती नको, गावी गेलो तरी चिंता नाही. पहिल्या दिवाळीला पोर्च खरंच देखणा दिसला.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र कापडी गुलाबाचा लाल रंग उडून फिका गुलाबी झाला. प्लॅस्टिकची पानं तर बोटांनी दाबली की कडकन तुटायची. हे अतिनील किरणांचं काम. त्यामुळे घ्यायचीच असतील तर ‘यूव्ही’ म्हणजे या किरणांना तोंड देणारी प्रक्रिया केलेली घ्या, तीही छताखाली लावायला. धूळ बसते ती वेगळीच. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यातून काढावीच लागतात.

खऱ्या झाडांना रोजचा हात लागतो. उन्हाच्या कडेला जास्वंद आणि सदाफुली, आत सावलीत मनी प्लांट आणि स्नेक प्लांट, एवढ्यावर माझं भागतं. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाकायचं, नाहीतर डासांची पैदास होते. पण सकाळी दार उघडल्यावर उमललेलं जास्वंद देवाला वाहता येतं, ते सुख कापडी फुलात नाही. शिवाय एकेकाळी गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं शहर, म्हणवणारं हे नाशिक!

माझं मत खऱ्या झाडांना. कृत्रिम वेल मी फक्त छताजवळच्या त्या कोपऱ्यात ठेवली आहे, जिथे ना ऊन पोचतं ना पाण्याची झारी. दसऱ्याला दारावर तोरण मात्र झेंडूचंच.