नव्या ऑटो कॉकचे १,४५० घेतले, बसवला जुनाच

२,५२० रुपये. ऑटो कॉक (टाकीतलं पेट्रोल आपोआप चालू-बंद करणारा नळ) १,४५०, ओ-रिंग आणि पाईप १२०, कार्ब्युरेटर सफाई ४५०, मजुरी ५००. हा हिशोब गॅरेजवाल्याने चिटोऱ्यावर पेनाने लिहून दिला. शिक्का नाही, सही नाही. पक्कं बिल मिळाल्याशिवाय कुणाच्या हातावर पैसे ठेवू नका.

गाडी म्हणजे २०१५ची दुचाकी, कार्ब्युरेटरवाली. चालता चालता बंद पडायची, थोडं थांबलं की पुन्हा सुरू. नाशिकमध्ये कामाच्या वाटेवरचा गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, कॉक गेलाय. व्हॅक्यूमवरचा आहे, नवाच टाकावा लागेल." निदान चुकीचं नव्हतं, म्हणून तर पटलं. इंजिनच्या ओढीने डायफ्राम, म्हणजे कॉकमधला रबरी पडदा, सरकतो तेव्हाच पेट्रोल खाली येतं, इंजिन थांबलं की स्प्रिंग वाट बंद करते. डायफ्राम फाटला की गाडी असाच त्रास देते.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा जुना कॉक मागितला. "भंगारात गेला." नव्याचं पाकीट? "कचऱ्यात." टाकीखाली वाकून बघितलं, तर कॉकच्या दोन्ही बोल्टवर सुकलेला चिखल जसाच्या तसा! कॉकच्या झाकणाचे बारीक स्क्रू मात्र नुकतेच खरवडलेले. विचारलं, तर म्हणे, "बोल्ट जुनेच लावलेत." अरे, बोल्ट जुने लावले तरी पाना फिरवल्यावर चिखल राहील का? हे तिथेच त्याच्या तोंडावर विचारायला हवं होतं. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. पण बाहेर धो धो पाऊस, मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू. अशा वेळी कोणीही पैसे देऊन निघालाच असता.

पुढे एका सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा भपकारा. दुसऱ्या मेकॅनिकने कॉक उघडून दाखवला: फाटका डायफ्राम तसाच, स्प्रिंग गायब, व्हॅक्यूमच्या नळीत स्क्रू कोंबलेला. म्हणजे गाडी बंद असतानाही पेट्रोल चालूच. कार्ब्युरेटरची नीडल (पुरेसं पेट्रोल आलं की वाट अडवणारी सुई) झिजलेली, त्यामुळे ते रात्रभर इंजिनात उतरलं. ऑइल पाण्यासारखं पातळ. वर बिल्डिंगभर माणसं झोपलेली, खाली ओळीने गाड्या. एक ठिणगी पुरली असती! नवा कॉक १,१८०, नीडल २४०, ऑइल ५२०, मजुरी ४००. आधीचे २,५२० धरून एकूण ४,८६० गेले.

पोलिसांकडे गेलो. "दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." पेट्रोल गळत ठेवून लोकांचा जीव धोक्यात घालणं दिवाणी? साधा अर्जही घेतला नाही, वर "एवढ्याशा रकमेसाठी कशाला?" ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथे पहिला प्रश्न "बिल आहे का?" बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ज्याला बिल दिलंच नाही त्याच्याकडेच बिल मागतात! फसवणारा गल्ल्यावर निवांत बसलाय आणि चिटोरा घेऊन दारोदार मी फिरतोय.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी तक्रार करतोय, तुम्हीही रक्कम लहान म्हणून सोडू नका. जुना पार्ट आधीच मागून ठेवा, काम सुरू होण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. आणि पैसे देण्याआधी इंजिन बंद करून कार्ब्युरेटरकडचा पाईप काढायला लावा. एक-दोन थेंबांनंतरही पेट्रोल वाहत राहिलं, तर गाडी तशीच परत त्याच्या हवाली करा.