सकाळी सातची रेफरल मीटिंग: फी भरण्याआधी

दादर, ठाणे, बोरिवली, वाशी. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी उजाडता उजाडता हॉटेलच्या हॉलमध्ये कोट घातलेली तीस-चाळीस माणसं उपमा खाता खाता एकमेकांना कार्डं देताना दिसली, तर ती लग्नाची बोलणी नसतात. तो रेफरल ग्रुप असतो, म्हणजे आपल्या ओळखीतून एकमेकांना काम मिळवून देणाऱ्या धंदेवाल्यांचा गट. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) या संस्थेने जगभर नेलेला हा साचा: एका धंद्याचा एकच सभासद, दर आठवड्याला हजेरी, प्रत्येकाला साधारण एक मिनिट बोलायला आणि कोणी कोणाला काम दिलं त्याची नोंद. अशाच धर्तीचे स्थानिक ग्रुपही आहेत. इथे परीक्षण साच्याचं आहे, एखाद्या संस्थेचं नाही.

आधी हिशेब. फी सांगतात त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का, ते विचारा. नाश्त्याचे पैसे बहुतेक वेळा वेगळे. समजा सगळं धरून वर्षाला ७५,००० गेले आणि एका कामामागे तुमच्या हातात ५,००० उरतात, तर पहिली १५ कामं नुसता खर्च भरून काढण्यात जातात. इंटिरिअरवाल्याला दोन कामांत जमेल. झेरॉक्सच्या दुकानाला जन्मात नाही. ज्यांचा माल मोठ्या कंपन्यांचं परचेस खातं घेतं, त्यांनाही इथे फारसं हाती लागत नाही.

या साच्याची खरी ताकद त्या एका मिनिटात आहे, आणि बहुतेक सभासद तेच वाया घालवतात. ‘मी सगळ्या प्रकारचं वॉटरप्रूफिंग करतो, कोणालाही लागलं तर सांगा.’ कोणालाही म्हटलं की ऐकणाऱ्याला कोणीच आठवत नाही. त्याऐवजी असं मागा: ‘भांडुप-मुलुंडमधली तीस वर्षांवरची सोसायटी, स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट आलाय, वरच्या मजल्यावर गळतंय. तिथल्या सेक्रेटरींशी ओळख हवी.’ मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना हे ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावंच लागतं, त्यामुळे असा एखादा सेक्रेटरी हॉलमधल्या कोणाच्या तरी ओळखीचा निघतोच. वेळही बघा. गळती जूनमध्ये आठवते, पण गच्चीचं काम कोरड्या हवेत होतं, आणि त्याआधी कोटेशनं, कमिटी, जनरल बॉडी हे सगळं उरकावं लागतं. म्हणून ही मागणी जानेवारीत करायची. जूनमध्ये केली तर काम दसरा-दिवाळीपर्यंत लटकतं.

साचा लंगडा पडतो तो पुढच्या टप्प्यावर. ‘नंबर पाठवतो, माझं नाव सांगा’ एवढ्यावरही नोंदवहीत रेफरल लागतो. समोरच्याला मात्र फोन कोणाचा आणि कशाचा, काही माहीत नसतं. तो तुटकपणे बोलतो आणि दोघांचीही पत जाते. नीट रेफरल म्हणजे आधी ग्राहकाला विचारायचं, मग तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप करून लिहायचं: ‘काका, गच्चीच्या कामाबद्दल बोललो होतो ते हे. उद्या अकरानंतर फोन करतील.’ काम घेणाऱ्याने ठरल्या वेळी फोन करायचा आणि काय झालं ते रेफरल देणाऱ्याला कळवायचं. काम फिसकटलं तर आधी कळवायचं. ‘दर जास्त वाटला’ एवढं जरी सांगितलं, तरी तो पुढच्या वेळी योग्य गिऱ्हाईक पाठवतो. गप्प बसलात तर पाठवणं बंद होतं, आणि का बंद झालं हे तुम्हाला कोणी सांगत नाही.

वन-टू-वन, म्हणजे दोनच सभासदांच्या वेगळ्या भेटीला ४५ मिनिटं पुरतात, पण तिथे धंद्याचा जन्मापासूनचा इतिहास सांगू नका. शेवटच्या पाच ग्राहकांची यादी न्या: कोण होते, कोणाकडून आले, फोन करण्याआधी त्यांची तक्रार काय होती. ती तक्रारच समोरच्याच्या लक्षात राहते. सभासदांकडून ‘आपल्यातलेच आहात, काहीतरी कमी करा’ हे येणारच. सूट द्यायची असेल तर बिलात वेगळी दाखवा, नाहीतर तोच दर त्यांच्या मेहुण्यापर्यंत पोचतो.

कार्डाला निदान मागच्या बाजूला चकचकीत लॅमिनेशन नको. त्यावर बॉलपेन उमटत नाही, आणि भेट कुठे झाली, काय बोलणं झालं, ते लिहायची जागा तीच. क्यूआर छापायचा तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी कड हवी.

बहुतेक ठिकाणी एक-दोनदा पाहुणा म्हणून बसता येतं. त्या दिवशी टाळ्यांकडे लक्ष देऊ नका. किती जण स्वतः न येता बदली माणूस पाठवतात ते मोजा. मग तुमच्या धंद्याची जागा आधी कोणाकडे होती ते विचारा, आणि चेक लिहिण्याआधी त्यांनाच एक फोन करा.