राख-प्लॅस्टिकच्या फळ्या: अकरा महिने वापरून झाल्यावर

"पाच माणसं उभी करा, तुटली तर पैसे परत," असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. खोटं बोलला नव्हता. अकरा महिन्यांत ओझ्याने माझी एकही फळी तुटली नाही. तरी मांडणीवरची फळी तिसऱ्या महिन्यात खाली उतरवावी लागली.

माझं छोटं वर्कशॉप आहे. पाण्याच्या जागी लाकूड कुजायचं, प्लायवूडचे पापुद्रे सुटायचे, म्हणून या फळ्या घेतल्या. 28 मिलिमीटर जाड, 300 मिलिमीटर रुंद, रंग काळपट करडा. माल म्हणजे वापरून टाकलेलं प्लॅस्टिक, बहुतेक एचडीपीई (हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन, डबे-कॅन बनवायचं टणक प्लॅस्टिक), आणि त्यात वजनाने 40 टक्के फ्लाय अॅश, म्हणजे कोळसा जाळल्यावर धुरातून पकडतात ती बारीक राख. तीन ठिकाणी लावल्या: भाग धुण्याच्या जागेवर, आतल्या मांडणीला आणि बाहेरच्या बाकड्याला. माल एकच, पण तीन ठिकाणी तीन तऱ्हा पाहायला मिळाल्या.

धुण्याच्या जागेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे काही घडलंच नाही. रोज पाणी, साबण, ऑइल, वर लोखंडी भाग आपटणं. फळी फुगली नाही, कुजली नाही. कापलेला एक तुकडा महिनाभर बादलीत बुडवून ठेवला; वजन जेमतेम दोन ग्रॅमने वाढलं, तेही कापलेल्या तोंडातल्या भोकांत अडकलेलं पाणी असावं. खाली दर फुटावर आधार आहे. तिथे या मालाला पैकीच्या पैकी.

आता मांडणी. दोन आधारांत 90 सेंटिमीटर अंतर, वर चाळीसेक किलो नट-बोल्टचे डबे. पहिल्याच दिवशी दोरी ताणून पाहिली तर मध्ये 5 मिलिमीटर झोळ. म्हटलं ठीक आहे, प्लॅस्टिकच ते. महिन्याने 8. तिसऱ्या महिन्यात ऊन तापलं, वरच्या पत्र्याची धग फळीपर्यंत येऊ लागली आणि झोळ 14 वर गेला. डबे मधल्या बाजूला घसरायला लागले तेव्हा फळी उतरवली. वजन तेवढंच होतं, एक डबाही वाढवला नव्हता.

"मजबूत" या शब्दाचा घोळ इथेच आहे. तुटण्याची ताकद वेगळी, न वाकण्याची वेगळी आणि वाकलेलं आणखी वाकत न जाण्याची तर अगदीच वेगळी. ताठपणा, म्हणजे न वाकण्याची ताकद, गिगापास्कलमध्ये मोजतात; साधं एचडीपीई 1 च्या आसपास असतं. चांगलं लाकूड तंतूंच्या दिशेने 10 च्या घरात आणि पोलाद 200. राख घातल्याने प्लॅस्टिकचा ताठपणा वाढतो, हे खरं. पण किती? राख जड, प्लॅस्टिक हलकं. वजनाने 40 टक्के म्हणजे आकारमानाने जेमतेम 22 टक्के, आणि ताठपणा ठरतो तो आकारमानावर. म्हणून एकाचा दीड-दोन होतो, दहा होत नाही. शिवाय ओझं सतत राहिलं की प्लॅस्टिकच्या साखळ्या एकमेकींवरून हळूहळू सरकत राहतात, उन्हात जास्तच. राखेचे कण हे सरकणं कमी करतात, थांबवत नाहीत. पाच माणसं पाच मिनिटं उभी राहतात, माझे डबे रात्रीही उतरत नाहीत.

राखेबद्दल एक गैरसमज माझाही होता. सिमेंटमध्ये फ्लाय अॅश चुन्याशी अभिक्रिया करते आणि काँक्रीटची ताकद पुढे महिनोन्महिने वाढत राहते. मला वाटलं, इथेही तसंच काही होत असेल. होत नाही. प्लॅस्टिकमध्ये ती कशाशीच अभिक्रिया करत नाही. बारीक गोल कण नुसते अडकून बसतात. गोल असल्याने वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये छान वाहतात, साच्यात फळी गुळगुळीत निघते. पण गोल कण म्हणजे तंतू नव्हेत, ताण धरून ठेवायला त्यांचा उपयोग नाही. त्यात प्लॅस्टिक तेलकट स्वभावाचं आणि राख खनिज, दोघांची पकड मुळातच कच्ची. पकड वाढवायला सिलेनसारखी जोडद्रव्यं घालतात. माझ्या फळ्यांत घातली होती का, असं विचारलं तर विकणाऱ्याने विषय बदलला.

ती कच्ची पकड एका थंड सकाळी दिसली. पाना हातातून निसटून फळीच्या कोपऱ्यावर पडला आणि अंगठ्याएवढा टवका उडाला. राख नसलेल्या जुन्या प्लॅस्टिकच्या फळीवर असाच मार बसला तर नुसता खड्डा पडायचा. टवक्याचं तोंड भिंगाखाली पाहिलं: सगळं करडं, खरखरीत आणि मधोमध निळ्या वेष्टनाचा एक न वितळलेला पापुद्रा. नखाने ओढला तर अख्खा सुटून आला. वेगळ्या जातीचं प्लॅस्टिक होतं, बहुधा पॉलिप्रॉपिलीन. ते 160 अंशांच्या पुढे वितळतं, एचडीपीई 130 च्या आसपास. आणि दोन्ही वितळली तरी एकमेकांत मुरत नाहीत. चीर अशाच जागेवरून सुरू होते. मालात राख किती, हे सगळे विचारतात. प्लॅस्टिक नीट निवडलं होतं का, हे कोणी विचारत नाही.

फळी आडवी कापली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. कडेने माल घट्ट, आत मात्र स्पंजासारखी भोकं. ओलसर राखेची वाफ आणि थंड होताना आतला माल आकसणं, दोन्हींचा तो प्रताप. तेव्हापासून नवीन माल आला की कापलेला तुकडा आधी पाण्यात टाकतो. 40 टक्के राखेचा भरीव तुकडा पाण्याच्या सव्वापट जड, म्हणजे दगडासारखा तळाशी जायला हवा. रेंगाळत बुडाला किंवा तरंगला, तर राख तरी कमी आहे नाहीतर पोट पोकळ आहे.

बाकड्याची चूक माझी. दोन मीटरची फळी दोन्ही टोकांना स्क्रूने आवळून टाकली. पहाट आणि दुपार यांत त्या फळीची लांबी 7 मिलिमीटरने बदलते, मी मोजली आहे. लोखंडी सांगाडा तेवढ्यात एक मिलिमीटरही हलत नाही. दुपारी फळीला मध्ये कुबड यायचं, शेवटी एका टोकाचे स्क्रू भोक फाडून वर आले. आता एक टोक पक्कं, बाकीची भोकं लांबट आणि वर मोठे वायसर. तेव्हापासून शांतता आहे. रंग मात्र फिका पडलाय. हात फिरवला तर बोटांना करडी भुकटी लागते. काळी फळी घ्यायला हवी होती, काजळी प्लॅस्टिकला उन्हापासून वाचवते.

कापणाऱ्यांनो, करवतीची साधी पाती तीन-चार फळ्यांतच बोथट होतात. कार्बाइडची वापरा आणि मास्क लावा, त्या धुळीत फुफ्फुसांना घातक सिलिका असते. आणि राख आहे म्हणजे पेटणार नाही, असं समजू नका. मी एक तुकडा पेटवून पाहिला. आरामात जळतो, जळते थेंब खाली पडतात. वेल्डिंगच्या टेबलाजवळ ही फळी मी लावणार नाही.

मांडणीला आता मध्ये अँगलचा आधार दिलाय. अंतर निम्मं झालं की तेवढ्याच दाटीच्या सामानाचा झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो, त्यामुळे नव्या फळीवर दोरी आणि पट्टी धरूनही फरक कळत नाही. उतरवलेली वाकडी फळी मात्र फेकली नाही. पालथी करून खालच्या खणात टाकली, वर तेच डबे, मध्ये आधार नाही. दीड महिन्यात ती सरळ झाली. काल मोजली तर उलट्या बाजूला 3 मिलिमीटर.