वेडेलिया लावायचा विचार असेल तर आधी हे वाचा (तीन वर्षांचा अनुभव)

जुळे सोलापुरात आमचं रो हाऊस आहे, पुढं साधारण बारा बाय वीस फुटाची मोकळी जागा. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला विजापूर रोडकडच्या एका नर्सरीतून वेडेलियाच्या वीस पिशव्या आणल्या, पंचवीस रुपयाला एक. नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण नंतर अजून तीन-चार ठिकाणी तीच झाडं तसंच सांगून विकताना बघितली, म्हणजे एकट्याला धरून काही उपयोग नाही. वेडेलिया म्हणजे ती जमिनीवर पसरणारी, जाड चकचकीत पानांची आणि पिवळ्या फुलांची, बागेत अन् सोसायटीच्या कडेला दिसते बघा, तीच. नर्सरीवाले दादा म्हणाले, "ताई, डोळे झाकून घ्या, ह्याला काय बघायलाच लागत नाही." आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, मे महिन्यात ऊन चाळीसच्या पुढं, त्यामुळे "बघायला लागत नाही" हे ऐकलं की माणूस लगेच पैसे काढतो, मीपण काढले.

पहिलं वर्ष खरंच छान गेलं, खोटं बोलणार नाही. चार महिन्यात सगळी जागा हिरवीगार, वर पिवळी फुलं, येणारा प्रत्येकजण विचारायचा कुठून आणलं म्हणून. मी दोन जणींना फांद्यापण दिल्या, त्याचं आज फार वाईट वाटतं.

दुसऱ्या पावसाळ्यात कळलं काय प्रकार आहे ते. हे झाड बी पडायची वाटच बघत नाही. एक फांदी उचलून नीट बघा, दर दोन-तीन बोटांवर एक पेर असतं आणि प्रत्येक पेराच्या खालच्या बाजूला पांढऱ्या मुळांचा झुपका, जिथं पेर मातीला टेकलं तिथं नवीन झाड. म्हणजे तुम्ही विळ्यानं कापलं आणि दहा तुकडे खाली पडले तर दहा झाडं. माझी अबोली आणि मोगऱ्याचं एक जुनं झाड ह्याच्याखाली पूर्ण दबून गेलं, मोगरा तर आईनं अकलूजहून दिलेला होता, खाली शोधायला गेले तर नुसती काडी राहिलेली. पेव्हर ब्लॉकच्या फटीतनं गेलं, मोरीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं तर गुडघ्याएवढं झालं, आणि कंपाउंडच्या भिंतीखालनं शेजारच्या काकूंच्या कढीपत्त्यापर्यंत पोचलं. काकू काही बोलल्या नाहीत पण त्या रोज सकाळी वाकून उपटताना मला दिसायच्या.

उन्हाळ्यात वाटलं सुटलो, वरचं सगळं करपून गेलं, काळी माती भेगाळली. वळवाचा एक पाऊस झाला आणि आठ दिवसात त्याच भेगांतनं पोपटी पानं वर. तेव्हा मी शोधाशोध केली तर कळलं की हे मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडचं, आणि आययूसीएन म्हणजे निसर्ग जपण्यासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी संबंधित तज्ज्ञांनी जगातल्या सगळ्यात त्रासदायक 100 आक्रमक (बाहेरून येऊन तिथल्या झाडा-प्राण्यांना दाबणाऱ्या) प्रजातींची जी यादी केलीय त्यात हे आहे. त्याच यादीत जलपर्णी आहे आणि टणटणी म्हणजे आपली घाणेरीपण आहे! घाणेरी इंग्रजांच्या काळात बागेत फुलांसाठी म्हणून आणली, आज जंगलंच्या जंगलं तिनं भरलीत. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, तीपण जांभळ्या फुलांसाठीच जगभर फिरवली लोकांनी, अनुकूल पाणी मिळालं तर दोन आठवड्यात दुप्पट होते. संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, जलपर्णीनं भरलेला सोलापूरकरांनी डोळ्यांनी बघितलाय, काढायला किती माणसं अन् मशिनी लागतात तेपण बघितलंय.

आणि मी परत त्या नर्सरीत गेले तेव्हा तिथं सिमेंटच्या टबात जलपर्णी विकायला ठेवलेली होती. शेजारी छोट्या कुंड्यांत पिवळी-गुलाबी "लँटाना". अहो ती घाणेरीच आहे, घाणेरी म्हणून विकली तर एक माणूस घेणार नाही, नाव बदललं की चाळीस रुपये. त्याच्या पलीकडं मेक्सिकन पेटुनिया म्हणून जांभळ्या फुलांची रुएलिया, ती मैत्रिणीकडं आहे, तिच्या शेंगा वाळल्या की तडकून फुटतात आणि बी लांब उडतं, तिच्या गच्चीवर एकाही कुंडीत आता दुसरं काही नीट राहत नाही. मी दादांना सगळं सांगितलं, माणूस चांगला आहे, चिडला वगैरे नाही, म्हणाला "ताई गिऱ्हाईकच मागतंय, लवकर भरणारं द्या म्हणतंय." त्याचंही बरोबर आहे, पण मग विकताना एवढं तरी सांगा की हे कुंडीतच ठेवा, जमिनीत लावू नका. औषधवाला गोळी देताना जेवणानंतर घ्या म्हणून सांगतो की नाही?

नर्सरीचं बाकी म्हणाल तर गुलाब चांगले, कुंड्या पक्क्या, शेणखत चाळलेलं आणि कोरडं देतात, घरपोच पण करतात. त्याला चार स्टार. सल्ल्याला एक स्टार. वेडेलियाला जमिनीत लावायला शून्य.

ज्यांनी लावलंय त्यांच्यासाठी, काढायचं कसं ते सांगते कारण मी आधी चुकीचंच केलं. पहिल्यांदा उपटलेला सगळा ढीग समोरच्या मोकळ्या प्लॉटवर टाकला, पावसात त्या प्लॉटची कड पिवळी झाली आणि आता ते नाल्याकडं चाललंय. असं अजिबात करू नका. खतात पण कच्चं टाकू नका, तिथं मजेत वाढतं. पाऊस पडून माती मऊ झाली की खुरप्यानं पेरासकट, मुळासकट काढायचं, सगळे तुकडे वेचायचे, काळ्या प्लास्टिकच्या पोत्यात भरून तोंड घट्ट बांधायचं आणि गच्चीवर उन्हात टाकायचं. आपलं ऊन इथं कामाला येतं. मी तीन आठवडे ठेवलं, उघडलं तर आत नुसता काळा लगदा, मग घंटागाडीत दिलं. जागेवर मात्र दर पंधरा दिवसांनी फिरून बघायला लागतं, मला पूर्ण दीड वर्ष लागलं.

त्या जागी आता कोरांटी आणि अबोली लावलीय, दोन्ही आपल्या हवेतली, कोरांटीला तर उन्हाळ्यात आठ-आठ दिवस पाणी नाही मिळालं तरी तक्रार नाही आणि जिथं लावली तिथंच उभी आहे. मधे मधे चिनी गुलाब, तो पसरतो पण दोन बोटांनी निघतो. मोगऱ्याच्या त्या काडीला श्रावणात तीन पानं आली.

काकूंच्या बाजूचं भिंतीलगतचं अजून राहिलंय, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून रविवारी मीच खुरपं घेऊन जाणार आहे. आणि ज्या दोघींना मी फांद्या दिल्या होत्या त्यांनापण फोन केलाय, एकीनं कुंडीत लावलीय, दुसरीनं विहिरीच्या कडेला.