लाकडाच्या शेगडीची काच: सत्तरीतले आठ महिने

गोव्यात शेगडी कशाला, हे विचारून नातेवाईक दमले. घर सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, परसाला लागून रान. पावसाळ्याचे चार महिने कौलांखाली सगळं दमट असतं: चपलांना बुरशी, पुस्तकांना कुबट वास, कपाटातली शाल हाताला ओली लागते. ऊब नको होती, कोरडं घर हवं होतं. परदेशी परतणाऱ्या एका कुटुंबाकडून काचेच्या दाराची बिडाची शेगडी स्वस्तात मिळाली. जूनपासून वापरतोय. शेगडीबद्दल तक्रार नाही. काचेनं मात्र छळलं.

पहिल्या आठवड्यातच काच तव्याच्या बुडासारखी झाली. आत विस्तव आहे की विझला, हे दार उघडल्याशिवाय कळेना. मग ओव्हन साफ करायचा स्प्रे आणला, साडेतीनशे रुपयांचा. काजळी निघाली, खोटं कशाला बोलू. पण ओघळ दाराच्या कडेला फट बंद करणाऱ्या दोरीत मुरले, दोरी कडक होऊन एका कोपऱ्यात सुटली, आणि दाराच्या काळ्या रंगावर पांढरे डाग राहिले ते राहिलेच. त्यानंतर एकदा घाईत तारेची घासणी फिरवली. त्याचे दोन ओरखडे अजून दिसतात, जाळ पेटला की जास्तच.

आई आठवडाभर हे बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, राख आहे ना तिथंच. आम्ही पितळी कशानं घासायचो?"

तेव्हापासून राखच. शेगडी पूर्ण गार झाली की वरची पांढरी, भुसभुशीत राख चहाच्या जुन्या गाळणीतून चाळायची. चाळणं टाळू नका, एखादा खडा राहिला तर ओरखडा ठरलेला. पेपरचा बोळा ओला करून पिळायचा, राखेत टेकवायचा आणि गोल गोल घासायचं. पुरवणीचा गुळगुळीत कागद नको, तो पाणी धरत नाही. राखेतल्या क्षारानं धुराचं डांबर सुटतं, बोळा तपकिरी होतो, दुसऱ्या बोळ्याला काच दिसायला लागते. मग ओलं फडकं, मग कोरडं. रोज केलं तर पाच मिनिटं. आठवडा साठवलं तर अर्धा तास आणि खांदेदुखी. राखेचं पाणी हाताला झोंबतं, हातमोजे घाला.

पण घासणं हा निम्माच भाग. काच काळी होते ती आपल्या चुकांनी, हे कळायला मला दोन महिने लागले.

पहिली चूक लाकडाची. पडवीत रचलेलं लाकूड कोरडं समजत होतो. पिना टोचून ओलावा मोजायचं यंत्र मागवलं, तर ३४ टक्के! २० च्या आत हवा. पावसाळा सरेपर्यंत करवंट्यांच्या जोरावर निभावलं.

दुसरी चूक हवेची. चुलीच्या सवयीनं मी खालचीच झडप उघडी ठेवायचो, वरची बंद. वरच्या फटीतून येणारी हवा तापून काचेवरून खाली वाहते आणि धुराला काचेपासून लांब ठेवते. जाळ धरला की खालची बंद, वरची उघडी. माझी सवय अशी उलटी केली त्या दिवसापासून काळवंडणं निम्म्यावर आलं.

रात्रभर निखारे राहावेत म्हणून दोन्ही झडपा आवळून धुमसत ठेवणं, हेही सोडलं. सकाळी काच डांबरलेली असायची, आणि बंद घरात तसल्या धुराचा विषारी वायू कोंडणं काचेपेक्षा वाईट. एकदा काजूची टरफलं टाकली, त्यातलं तेल असं चिकटलं की तीन बोळे लागले. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड तर नकोच, खारानं काचेवर कायमची पांढरी झाक येते.

ओरखड्यांमुळे काच बदलावी म्हणून एका दुकानात विचारलं. त्यानं टफन्ड काच देतो म्हटलं. घेऊ नका. ती साधारण २५० अंशांपर्यंतची, शेगडीची सिरॅमिक काच ७०० पर्यंत टिकते.

सध्या फक्त खालचा उजवा कोपरा काळा होतो, स्प्रेनं दोरी सुटली तिथंच. दारात दहाची नोट धरून, दार लावून ओढली, बाकी सगळीकडे अडकते, तिथं अलगद बाहेर येते. नवी दोरी मागवलीय. लाकूड यंदा डिसेंबरातच फोडून उन्हात टाकलंय, काल मोजलं तर १८.