त्याने लेथला हात लावला नाही, खण उघडले

बाबांच्या वर्कशॉपमधून जे गेलं ते काही चोरीला गेलं नाही. खोके मीच उचलून त्या माणसाच्या गाडीत ठेवले, वर "सांभाळून न्या" असंही म्हणाले. हे सगळं लिहायची लाज वाटते. पण हौशी माणूस खोलीभर हत्यारं मागे ठेवून गेला की पुढचे काही महिने त्या घराकडे कुणाकुणाचं लक्ष असतं, ते मला आता कळलंय.

बाबांना वाफेची छोटी इंजिनं करायचा नाद होता, तळहातावर मावतील अशी. त्यासाठी मायफर्ड कंपनीचा एमएल-७ लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कातायचं यंत्र, घेतला होता. १९४६ मध्ये आलेलं हे मॉडेल, हौशी लोकांत अजूनही मान असलेलं. शिवाय शेगडा, रंधे, कानशी, आटे पाडायचे टॅप-डाय आणि एक उभं कपाट, खणच खण असलेलं. आमच्या लेखी किमती वस्तू म्हणजे लेथ, कारण तो मोठा. खणांत काय, तर बाबांचा पसारा.

बाबा जाऊन दोन महिने झाले असतील. फोन आला. "ताई, मी तुमच्या बाबांना ओळखायचो. आमचा नाद एकच." घरी आला तो अगदी हळू आवाजात बोलणारा, आईची चौकशी करणारा. लेथसमोर जरा वेळ गप्प उभा राहिला आणि त्याने आकडा सांगितला. आमच्या अपेक्षेपेक्षा बराच वर. मला तर हायसंच वाटलं. मग म्हणाला, "लेथ हलवायला माणसं लागतील, तो मी नंतर नेतो. आधी हे किरकोळ उचलू, म्हणजे तुमची खोली मोकळी होईल."

खोली मोकळी व्हावी हीच तर आमची इच्छा होती. दार उघडलं की बाबांच्या तेलाचा वास यायचा आणि आई परत फिरायची. त्याने ते बरोबर हेरलं होतं.

दुपारभर तो एकेक खण उघडून बसला. एक रंधा काढला, जेमतेम साडेपाच इंच लांब, बाहुलीच्या घरातला वाटावा असा. "हा खेळण्यातलाच आहे ताई, नातवासाठी नेऊ का?" मी हसून हो म्हटलं. तो स्टॅनली कंपनीचा एक नंबरचा रंधा होता. त्या मालिकेतला सगळ्यात छोटा, आणि जुनी हत्यारं जमवणारे ज्याच्या मागे धावतात तो. स्लिप गेजची, म्हणजे माप तपासायच्या तंतोतंत ठोकळ्यांची, लाकडी पेटी उघडून त्याने जीभ चुकचुकवली, "गंज धरलाय." त्या पेटीतले ठोकळे मला लहानपणापासून माहीत. दोन ठोकळे एकमेकांवर दाबून सरकवले की चिकटून बसायचे, चुंबक नाही की काही नाही, नुसती पृष्ठभागाची सफाई. गंज धरला असता तर चिकटले असते का? मी करून बघू शकले असते. नाही बघितलं. कार्बाइडच्या टिपांचा, म्हणजे धातू कातणाऱ्या हत्याराच्या कडक टोकांचा, एक डबा होता, उचलला तर आकाराच्या मानाने भलताच जड. "भंगार," म्हणाला आणि आपल्याकडे सरकवला. टंगस्टन कार्बाइड पोलादाच्या जवळपास दुप्पट जड असतं, आणि तुटकी टिपसुद्धा लोखंडाच्या भावाने कुणी विकत नाही.

थोडे पैसे दिले, पावती लिहिली: "जुनं वापरलेलं किरकोळ सामान, एक लॉट." मी सही केली.

आठवड्याने फोन. लेथचा बेड, म्हणजे ज्यावर त्याचे भाग सरकतात तो पाया, झिजलाय म्हणे, आता नको. त्यानंतर फोन लागलाच नाही.

खरी गोम पुढे कळली. लेथ बघायला एक मुलगी आली, स्वतः इंजिनं करणारी. तिने बेडवरून बोट फिरवलं, "छान राखलाय," म्हणाली. मग विचारलं, "चकचे उलटे जॉ कुठेत?" चक म्हणजे लेथवर काम पकडून फिरवणारा भाग, आणि जॉ म्हणजे त्याचे पकडणारे जबडे. तीन जॉच्या चकला बहुधा जॉचे दोन संच असतात, आतून धरायचे आणि बाहेरून धरायचे, आणि ते त्याच चकला बसवून घासलेले असतात. दुसऱ्या चकचे आणून लावले तर काम डुगडुगतं. आमचा दुसरा संच वेगळ्या खणात होता, म्हणजे गेला. मग तिने १२७ दात्यांचा गिअर विचारला. या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू, इंचाला आठ आट्यांचा. त्यावर मिलिमीटरचे आटे तंतोतंत पाडायचे तर १२७ चा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. तोही गेला. फोर-जॉ चक, लांब काम सावरणारी स्टेडी, बारीक काम पकडणारे कोलेट, एकेक करत ती विचारत गेली आणि मी मान हलवत गेले. शेवटी तिने जो आकडा सांगितला तो रास्तच होता. उघड्या लेथचा तोच भाव. म्हणजे त्या माणसाने लेथ नेला नाही, पण लेथची किंमत मात्र नेली.

तक्रार करायला गेले तर पावती पुढे आली. सही माझी, यादी नाही. "एक लॉट" यात काय काय होतं हे मी कशाच्या जोरावर सांगणार?

तुमच्या घरी अशी खोली असेल तर कुणाही मदतनीसाला आत घेण्याआधी प्रत्येक खण उघडून वरून फोटो काढा. काय आहे ते कळलं नाही तरी काढा. शेजारी मोजपट्टी ठेवलीत तर उत्तमच. लेथबरोबरचं सामान लेथपासून तोडू नका, आणि कुणी मोठ्या वस्तूचा आकडा आधी सांगून छोट्या वस्तू आधी मागू लागला तर पूर्ण पैसे हातात येईपर्यंत एक स्क्रूसुद्धा देऊ नका. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन जाणकारांना विचारा. आणि नाद तुम्हालाच असेल तर एका रविवारी बसून खणांवर चिठ्ठ्या चिकटवा: हे काय, हे कशाबरोबर जातं, हे कुणाला विचारून विकायचं. बाबांना आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही. "तुम्हाला काय करायचंय त्याचं" हे त्यांचं वाक्य.

आता मी जुने फोटो धुंडाळते. एकात बाबा लेथवर वाकलेत, मागे कपाट दिसतं. मोठा करून बघितला तर चौथा खण अर्धवट उघडा आहे आणि त्यात स्लिप गेजच्या पेटीचा कोपरा ओळखू येतो. तेवढं यादीत लिहिलं. खालच्या तीन खणांवर बाबांच्या कोपराची सावली पडलीय.